जिवंत उदाहरण

"काका, मागच्या वेळी चष्मा फार लवकर काढलात तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "मी 'एक क्षण पुरतो' म्हणेन. मग जरा थांबायचं आणि मग काढायचा. लोकांच्या डोक्यात वाक्य शिरू तर द्या!"

"देतो की," काका म्हणाले. "मागच्या खेपेला पुढच्या रांगेतली एक बाई आधीच डोळे पुसायला लागली होती. म्हटलं, लांबण लावून कशाला छळायचं बिचारीला."

मॅडम हसल्या आणि माइकची तार सोडवायला लागल्या. त्या विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी. नव्यानं नोकरीला लागलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो प्राध्यापक असो की माळी, आधी त्यांच्या हाताखालून जावं लागे. सभागृहात बसायचं आणि ऐकायचं. आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं, फरशी ओली असेल तर पाटी कुठं ठेवायची, जड खोकं उचलताना कंबरेऐवजी गुडघे कसे वाकवायचे, अंगावर काही सांडलं तर आधी पाणी की आधी आरडाओरडा. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत आणि तळमळीनं बोलत. पण गुडघे वाकवून खोकं उचलणाऱ्या हसऱ्या माणसाचं चित्र किती वेळ बघणार? जांभया सुरू होत. कुणीतरी टेबलाखाली मोबाइल काढे. आणि मग मॅडम काकांना पुढं बोलवत.

काका रसायनशास्त्र विभागाचे परिचर. बाटल्या धुणं, टेबलं पुसणं, स्टोअरमधून सामान आणणं हे त्यांचं काम होतं, पण ते आता नावापुरतं. त्यांचा डावा डोळा गेला होता आणि त्या बाजूचा गाल हनुवटीपर्यंत वितळून पुन्हा थिजलेला होता. विभागातले बाकीचे परिचर त्यांना पाठीमागं 'नमुना' म्हणत आणि तोंडावरही म्हणत. काकांना आता त्याचं काही वाटत नसे. उलट, खरं सांगायचं तर, या कामात त्यांचा हात चांगलाच बसला होता. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं विनोद टाकायचा, हशा ओसरायच्या आत कुठं गंभीर व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लोक आधी हसत, मग चष्मा निघाला की सभागृहभर एकदम 'हाऽऽ' असा आवाज होई. तो आवाज ऐकला की काकांना बरं वाटे. इतक्या शिकलेल्या माणसांना आपण एका हालचालीत गप्प करतो, याचा त्यांना थोडा माजही होता. माणसाला कशाचाही माज येऊ शकतो.

स्टेजच्या बाजूचा पडदा जरा सारून त्यांनी सवयीनं गर्दीचा अंदाज घेतला आणि पडदा धरलेला हात तिथंच थांबला. तिसऱ्या रांगेत त्यांचा मुलगा बसला होता.

सकाळी दोघं एकाच घरातून निघाले होते. विभागात हजर व्हायचं आणि सही करायची, एवढंच तो म्हणाला होता. त्याला काकांच्याच विभागात प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा मिळाली होती. त्याची सुरक्षेची बैठक पुढच्या महिन्यात होती आणि त्या दिवशी काका आजारी पडणार होते. तसं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, कुठलं दुखणं सांगायचं ते सुद्धा.

"मॅडम, ही रसायनशास्त्राची मंडळी आज कशी?"

"अहो, सरांचाच फोन आला काल. पुढच्या महिन्यात परीक्षा आहेत म्हणे, माझी माणसं आजच घ्या. ते स्वतः आलेत, ते बघा, पुढं बसलेत."

सर म्हणजे विभागप्रमुख. पांढरे केस, मऊ आवाज, सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवायची सवय.

"मॅडम, आज माझं राहू दे."

"का? बरं नाही वाटत?"

"तिथं माझा मुलगा बसलाय."

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? कुठला हो? मग तर फारच छान! घरचं माणूस समोर असलं की आतून येतं बघा. आज मनापासून बोला." आणि त्या माइक ठाकठीक करून निघूनही गेल्या. बाई वाईट नव्हती. तिला फक्त तिचं काम फार आवडत होतं.

आता हे सांगायला हवं की काकांच्या चेहऱ्याच्या गोष्टी दोन होत्या.

एक विद्यापीठातली. मॅडम येण्याच्या कितीतरी आधी ती ठरली होती आणि काकांनी ती सही करून मान्य केली होती. परिचरानं चहाला जायच्या घाईत दोन टाकाऊ रसायनं एकाच बाटलीत ओतली, गॉगल घातला नाही, बाटली फुटली, चूक त्याची. ती सही केली म्हणून नोकरी टिकली, दवाखान्याचा खर्च विद्यापीठानं केला, आणि सर, जे तेव्हा साधे व्याख्याते होते, ते पलंगाशेजारी बसून म्हणाले होते, "तुझ्या पोराचं मी बघेन." माणसानं शब्द पाळला. पोराला जागा दिली.

दुसरी गोष्ट घरातली. काका दवाखान्यातून घरी आले तेव्हा मुलगा नुकता बोलायला लागला होता. बापाचा चेहरा बघून तो किंचाळत आईच्या मागं लपला आणि कितीतरी दिवस त्यांच्याजवळ फिरकेना. मग बायकोनं रचली गोष्ट. बाटलीतून धूर यायला लागला होता, समोर वर्गातली मुलं होती, बाबांनी बाटली पोटाशी धरली आणि बाहेर धूम ठोकली, सगळी मुलं वाचली. गोष्ट ऐकून पोर आईच्या मागून हळूहळू बाहेर आलं आणि बापाच्या मांडीवर बसलं. त्यानंतर कुणाची टाप होती ती गोष्ट मागं घेण्याची? शाळेत 'माझे बाबा' या विषयावर त्यानं तीच लिहिली. कॉलेजात कुणी बापाच्या तोंडावरून काही बोललं तर तो मारामारीला उठायचा. काकांना वाटायचं, एकदा सांगून टाकावं. मग वाटायचं, कशाला.

आणि जे खरंच घडलं होतं, ते या दोन्हींपेक्षा इतकं साधं होतं की त्याची गोष्टच होत नव्हती.

"आणि आता," मॅडम माइकवर म्हणाल्या, "मी चित्रं दाखवणं बंद करते. आपल्यासमोर येतंय एक जिवंत उदाहरण."

काका पुढं गेले. पाय आपोआप नेहमीच्या जागी थांबले. काळा चष्मा नीट होता, डावी बाजू पडद्याकडे. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. मुलगा ताठ बसला होता. त्याच्या तोंडावर हसू होतं. शेजारच्याला कोपरानं ढोसून तो काहीतरी सांगत होता, आणि ते काय असेल हे काकांना न ऐकताही कळलं.

पहिल्या रांगेत सर मान हलवून प्रोत्साहन देत होते.

त्या क्षणी काकांना गप्प बसता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं. पण मुलाची नोकरी आजच सुरू झाली होती, आणि ती देणारा माणूस पुढच्याच खुर्चीत बसला होता. तोंड उघडलं आणि तोंडाला जे पाठ होतं ते बाहेर पडलं.

"नमस्कार मंडळी. मला चहाची फार तलफ," काका म्हणाले. "त्या दिवशी फेकायच्या दोन बाटल्या होत्या. दोनदा कोण जाणार? मी म्हटलं, एकीत दुसरी ओतू, झाकण घट्ट लावू, एका फेरीत काम, आणि चहा गरम मिळेल."

सभागृह हसलं.

"गॉगल होता हो! भिंतीला टांगलेला होता. तो माझ्याकडे बघत होता, मीच त्याच्याकडे बघत नव्हतो."

आणखी मोठा हशा. इथं काका नेहमी एक पाऊल पुढं येत, तसे आले.

"चहा काही मिळाला नाही. दवाखान्यात नळीतून काय काय दिलं, चहा नाही दिला. चूक कुणाची? माझी. दुसऱ्या कुणाची नाही."

"एक क्षण पुरतो," मॅडम म्हणाल्या.

काका थांबले. मॅडमनी सांगितलं होतं तेवढेच थांबले. मग त्यांनी चष्मा काढून चेहरा उजेडात धरला, आणि 'हाऽऽ' झालं.

शेजारचा माणूस मुलाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. मुलानं होकारार्थी मान हलवली. काकांनी ते एका डोळ्यानं स्पष्ट पाहिलं.

मग सर उठले. "हे आमच्याच विभागातले," ते म्हणाले. "चूक झाली, पण आम्ही माणूस टाकला नाही. सांभाळला. विद्यापीठ म्हणजे एक कुटुंब असतं." जोरदार टाळ्या पडल्या. मुलगाही टाळ्या वाजवत होता, कारण सगळेच वाजवत होते.

बैठक सुटल्यावर काकांनी त्याला जिन्याखाली गाठलं. तिथं बादल्या आणि पुसायची फडकी ठेवलेली असत, येणंजाणं फारसं नसे.

"चहा," मुलगा म्हणाला.

"अरे, ऐक तर."

"चहासाठी, बाबा? मी त्या शेजारच्याला सांगत होतो, हे माझे वडील, यांनी वर्गभर पोरं वाचवली. आणि मग तुम्ही तोंड उघडलंत. चष्मा निघाल्यावर तो म्हणाला, हेच का ते? मी म्हटलं, होय. आणि मग तुम्ही तोंड उघडलंत."

"ते तिथं बोलायचं ठरलेलं असतं. ती बोलायची गोष्ट आहे."

"आणि घरातली?"

काकांनी एक बादली पायानं बाजूला सारली. मग म्हणाले, "ती तुझ्या आईनं केली. तू माझ्याजवळ येत नव्हतास."

"म्हणजे पोरं नव्हतीच?"

"सुट्टी होती त्या दिवशी. विभागात सर होते आणि मी होतो. त्यांना आवराआवर करायची होती. एका बाटलीत उरलेलं स्पिरिट होतं, त्यांनी त्यातच नायट्रिक ॲसिड ओतलं. मला म्हणाले, झाकण घट्ट लाव आणि स्टोअरमध्ये ठेवून ये. मी घट्ट लावलं. निघालो. दाराशी पोचलो नि आत वायू कोंडून बाटली फुटली. बस, एवढंच झालं."

"आणि गॉगल?"

"एकच होता विभागात. सरांच्या डोळ्यांवर."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. काकांना वाटलं, पोहोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे मोठ्यानं बोलून दाखवलं होतं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

"ही तिसरी," मुलगा म्हणाला.

"काय?"

"तिसरी गोष्ट. घरात हिरो, तिथं जोकर, आणि आता इथं बिचारे. माणूस बघून गोष्ट बदलता तुम्ही. मी कुठली धरू?"

"खरी धर ना! आईला विचार हवं तर."

"आईला? पहिली तर तिनंच रचली म्हणता." तो हसला, पण हसू नीट झालं नाही. "खरी कुठली ते तुमच्या तोंडावरून तर कळत नाही."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला समजलं. त्यानं शब्द मागं घेतला नाही.

आता काकांना स्वतःची अब्रू नको होती, ती गेली तर गेली. त्यांना फक्त एक गोष्ट पोराच्या गळी उतरवायची होती. "बरं, मी खोटा. मला खोटाच धर. पण एवढं ऐक. त्या माणसानं झाकण लावून ठेव म्हणून बाटली हातात दिली, तर घेऊ नको. त्यात काय आहे ते आधी विचार. नाही सांगितलं तर तिथंच ठेव आणि बाहेर ये. माझी शपथ आहे तुला."

"ते माझे साहेब आहेत, बाबा. ते देतील ती बाटली घेणं, हीच माझी नोकरी आहे. आणि ही नोकरी त्यांनी तुमच्याचसाठी दिली, हे तरी खरं ना? की त्याचीही दुसरी गोष्ट आहे?"

हे मात्र खरं होतं. काकांनी मान हलवली. मुलगा बादल्या ओलांडून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत काकांना विभागप्रमुखांच्या खोलीत बोलावणं आलं. तिथं मॅडम होत्या, सर होते, आणि मुलगा होता. सरांचा हात मुलाच्या पाठीवर होता.

"काका, सरांना इतकी सुंदर कल्पना सुचलीय!" मॅडम म्हणाल्या. "दुपारच्या तुकडीपासून तुम्ही दोघंही. बाप आणि लेक. एकीकडे निष्काळजीपणा, एकीकडे काळजी. याला आपण सगळा सरंजाम चढवू, ॲप्रन, गॉगल, हातमोजे. बोलायला फार नाही, एकच वाक्य."

"त्याला विचारलंत का?" काका म्हणाले.

"मला चालेल," मुलगा म्हणाला.

"अरे, तू कशाला..."

"मला चालेल म्हटलं ना."

"गुणी पोरगा आहे तुझा," सर मऊपणे म्हणाले. "तुझ्यासारखा घायकुतीला येणारा नाही. याला लवकर कायम करून घेऊ." आणि त्यांनी काकांच्याही पाठीवर हात ठेवला. काकांनी तो राहू दिला. इतकी वर्षं राहू दिलेला हात आज झटकायचा तर कुठल्या तोंडानं?

दुपारच्या तुकडीत ग्रंथालयाचे, हिशेब विभागाचे आणि वसतिगृहाचे लोक होते. जेवून आलेले, सुस्तावलेले. खोकं उचलणाऱ्या माणसानं त्यांना पुरतं झोपवलं होतं. मग मॅडमनी काकांना पुढं बोलावलं आणि काका आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मुलगा बाजूला, पडद्याआड, ॲप्रन चढवून तयार होता. सर सकाळच्याच खुर्चीत होते.

काकांनी ठरवलं होतं. नोकरी माझी जाईल, त्याचीही जाईल. जाऊ दे. दोन डोळे तर राहतील त्याचे.

"मंडळी," काका म्हणाले, "चहाबिहा काही नव्हता."

कुणीतरी खुदकन हसलं.

"बाटलीत मी काही ओतलं नाही. ओतलं सरांनी. हे समोर बसलेत ते. मला म्हणाले, झाकण घट्ट लाव. मी लावलं. साहेबानं सांगितलं, मी ऐकलं. एवढीच माझी चूक."

आता बरेच जण हसत होते. काकांचा सूर नेहमीचाच होता. तो सूर त्यांच्या घशात इतका मुरला होता की खरं बोलतानाही तोच निघत होता. विनोदाच्या जागी ते आपोआप थांबत होते, आणि ते थांबले की लोक हसत होते. काकांनी घाई केली तर हशा वाढला.

"हसू नका! विभागात गॉगल एकच होता, आणि तो यांच्या डोळ्यांवर!"

सभागृह कोसळलं. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मनमोकळे हसले ते सर. खुर्चीत मागं रेलून, टाळी देऊन हसले. झोपाळलेली मंडळी आता टक्क जागी झाली होती, आणि मॅडमनी खूश होऊन काकांना अंगठा दाखवला. इतका हशा आजवर कधी मिळाला नव्हता.

"खरं सांगतोय मी," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. त्यालाही कुणीतरी हसलं.

"एक क्षण पुरतो!" मॅडम म्हणाल्या.

मुलगा पुढं आला. पांढरा ॲप्रन गळ्यापर्यंत बंद, डोळ्यांवर रुंद गॉगल, हातात निळे रबरी मोजे. तो काकांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि ओठ न हलवता म्हणाला, "बाबा, पुरे आता."

काका पुरे झाले.

मुलगा सभागृहाकडे वळला. "हे माझे वडील," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "यांनी काळजी घेतली नाही. मी घेतो." वाक्य त्यानं सुंदर म्हटलं. कुठं थांबायचं ते त्याला बरोबर कळत होतं. तेवढं तरी बापाचं उचललं होतं त्यानं.

मग त्यानं काकांचा काळा चष्मा काढायला दोन्ही हात वर केले. रबराचा वास आला. बोटं कानांपाशी आली, काड्या अलगद सुटल्या, आणि मोज्यातली असूनही ती बोटं गालाला कुठं लागू नयेत म्हणून जपून जपून चालली होती. मुलगा उंचीला थोडा कमी होता. त्याला नीट जमावं म्हणून काकांनी मान खाली केली.